तीन बोटं भस्म

नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गुरुलिंगला सगळे मामा म्हणत. पोरं म्हणत, मास्तर म्हणत, आणि वयानं त्याच्याहून थोरले असलेले प्राचार्यसुद्धा बिनदिक्कत मामाच म्हणत. यंत्र विभागाच्या प्रयोगशाळेचा तो परिचर. कुलूप उघडायचं, झाडून घ्यायचं, यंत्रांना तेल द्यायचं आणि पोरांनी नेलेले पाने परत जागेवर आले की नाही ते बघायचं, एवढंच त्याचं काम; पण तो वावरायचा असा, की नवख्याला वाटावं हाच इथला मालक. घर अहमदपूरला. बायको नागुबाई तिथं, हा इथं एका खोलीत. शनिवारी एसटी धरायची आणि सोमवारी सकाळी कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून पुन्हा हजर व्हायचं, हा नेम वर्षानुवर्षं चुकला नव्हता.

यंत्रांवर त्याचा जीव होता आणि त्यात लपवण्यासारखं त्याला काही वाटायचं नाही. जुन्या लेथला तो आजोबा म्हणे. ड्रिल मशीन करकरलं की ‘बाई आज रागात हाय’ म्हणत तेलाची बुधली घेऊन धावे. पोरं हसायची. हसोत बापडी, मामा ज्या यंत्राजवळ उभा असतो ते सहसा बंद पडत नाही, हे हसणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

पण एवढ्या गोतावळ्यात त्याचं मन जडलं ते अशा एका वस्तूवर, जी स्वतः यंत्रही नव्हती. ते होतं एक पातं.

पातं धम्मप्रिया मॅडमचं. धम्मप्रिया बिलोलीची. वडील आनंदराज तिथल्या शाळेत मास्तर, आणि लेकीच्या शिक्षणाचा त्यांना एवढा अभिमान, की बिलोलीत त्यांना कोणी वेळ विचारली तरी ते आधी लेकीचं सांगत. ती विभागात शिकवायची आणि शिकवता शिकवता पीएचडी करायची. अंगानं बारकी, बोलणं कमी. एकदा कामात डोकं घातलं की समोरचा चहा गार होऊन जायचा आणि गुरुलिंगला तो नेऊन पुन्हा आणावा लागायचा. पहिल्या वर्षी त्याला वाटलं होतं, ही पोरगी कंटाळेल. ती कंटाळली नाही. उलट हाच तिच्या कामात कधी ओढला गेला ते त्याला कळलं नाही.

एकदा त्यानंच विचारलं, की मॅडम, हे पातं नेमकं कशाचं. दुसरं कोणी असतं तर ‘टर्बाइनचं’ एवढं सांगून वाटेला लागलं असतं. धम्मप्रियानं स्टूल ओढून त्याला बसवलं. खणातून रुमालात गुंडाळलेलं एक खरं पातं काढलं. कुठल्याशा इंजिनातून बाद झालेलं ते पातं तिचे मार्गदर्शक भुजंग सर यांनी खटपट करून मिळवून दिलं होतं. तिनं ते त्याच्या तळहातावर ठेवलं. बोटाएवढं लांब, एका बाजूनं पोट आत घेतलेलं आणि अंगभर भोकं. इतकी बारीक, की शिवणाची सुई जेमतेम जावी.

मग तिनं सगळं सांगितलं. विमानाच्या इंजिनात आधी हवा कोंबून कोंबून दाबतात, तिच्यात इंधन जाळतात आणि त्या जाळाचा लोट या पात्यांवर सोडतात. लोट पात्यांना ढकलतो, पाती चाक फिरवतात. आणि तो जाळ एवढा कडक, की ज्या धातूचं पातं केलंय तो धातूच त्यात वितळून जावा. तरी पातं वितळत नाही. मिनिटाला हजारो फेरे घेत ते त्या जाळात उभं असतं. का, तर या भोकांमुळं. पात्याच्या पोटात नागमोडी वाटा असतात. त्यांतून गार हवा खेळते, आतून पातं निववते, मग भोकांतून बाहेर येते आणि निघून न जाता पात्याच्या अंगावरच पसरते. दुधावर साय धरावी तसा तिचा पातळ थर पात्यावर धरतो. जाळाची धग आधी त्या थराला लागते, आणि पातं निभावतं.

गार म्हणजे किती गार, असं गुरुलिंगनं विचारलं. धम्मप्रिया हसली. ती गार हवासुद्धा भाकरीच्या तव्याहून कितीतरी तापलेली असते, म्हणाली, पण त्या जाळापुढं ती गारच म्हणायची.

गुरुलिंगनं पातं उजेडाकडं धरलं. भोकांतून उजेडाचे ठिपके त्याच्या शर्टावर पडले. ज्याच्यात आपण विरघळून जाऊ अशा आगीत उभं राहायचं, आणि तेही आपल्याच श्वासाच्या आडोशानं, हे काही त्याच्या डोक्यातून जाईना. त्या शनिवारी त्यानं नागुबाईला सगळं रंगवून सांगितलं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘मग म्या काय येगळं करून राहिले? मला तर कुणी हातावर धरून बघत न्हाई.’’ पण दुसऱ्या दिवशी शेजारणीला तीच सांगत होती, की आमच्या ह्यांच्या कॉलेजात आगीत न वितळणारं पातं आहे म्हणून.

खरा जाळ काही कॉलेजात पेटवता येत नव्हता. म्हणून धम्मप्रियानं पत्र्याचा एक लांबट बोगदा बनवून घेतला. एका टोकाला मोठा पंखा, पुढं तापणाऱ्या तारांची जाळी, आणि मधोमध, खऱ्याहून तिप्पट मोठं, फायबरचं पातं उभं. बोगद्यातून गरम वारा सोडायचा, पात्याच्या पोटातून गार हवा सोडायची, आणि पात्याचा कुठला भाग किती तापला हे एका खास कॅमेऱ्यानं बघायचं. तो कॅमेरा माणसाला न दिसणारी ऊब बघतो. तापलेलं तांबडं दाखवतो आणि गार ते निळं.

पहिलं पातं ओतलं तेव्हा त्याच्या पोटात बुडबुडा राहिला. त्याला भोकं पाडलीच नाहीत. ते कोरं पातं कपाटावर जाऊन पडलं. दुसरं नीट उतरलं. त्याला वरपासून खालपर्यंत भोकांच्या ओळी पाडायच्या होत्या, आणि भोकं सरळ नव्हे, तिरकी. सरळ पाडली तर हवा उडून जाईल, तिरकी असली तर अंगालगत वाहील. धम्मप्रिया एकेक भोक पाडायची, गुरुलिंग पातं शिकंज्यात धरून ठेवायचा. तिचा हात एकदाही हलायचा नाही. त्यानं आयुष्यभर ड्रिल मशीनवर मोठेमोठे मास्तर घाम पुसताना बघितले होते, पण असा हात बघितला नव्हता. पातं पुरं झालं तेव्हा कॅमेऱ्यासाठी तिनं त्याला काळा, बिनचमकीचा रंग दिला. काळ्याभोर पात्यावर त्या भोकांच्या ओळी बघून गुरुलिंगला वाटलं, या पोरीला हे सुचलं तरी कसं. दसऱ्याआधी भाड्याच्या कॅमेऱ्यानं तपासलं तेव्हा पातं पडद्यावर निळंशार दिसलं. कॅमेरा परत गेला. आता तो परीक्षक येतील त्याच दिवशी पुन्हा यायचा होता. बंगळूरचे परीक्षक प्रयोग डोळ्यांनी बघणार आणि मगच प्रबंधावर सही करणार होते. दिवस ठरला तो दसऱ्यानंतरचाच.

आणि मधे आली खंडेनवमी.

खंडेनवमीला वर्कशॉपात पूजा व्हायची, ती गुरुलिंगच्या हातूनच. सगळी यंत्रं पुसायची, हत्यारं मांडायची, झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा. धम्मप्रिया दरवर्षी त्या आठवड्यात बिलोलीला जायची. दसऱ्याला त्यांच्याकडं धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. विहारात कार्यक्रम, आई पंचफुलाबाईंच्या हातची खीर. निघताना ती प्रयोगशाळेच्या दारात थांबली आणि गुरुलिंगला म्हणाली, ‘‘मामा, वर्कशॉपात तुमचं सगळं करा. पण इथं न्हाई. माझ्या पात्याला फूल न्हाई, कुंकू न्हाई, काहीच न्हाई. मी ते मानत न्हाई, हे तुम्हाला ठाव हाय.’’

ठाव होतं. गुरुलिंगनं मान डोलवली, आणि मनापासून डोलवली.

पण खंडेनवमीला वर्कशॉपातलं सगळं आवरल्यावर तो प्रयोगशाळेचे दिवे मालवायला आला आणि घोटाळा झाला. आजोबा लेथाच्या गळ्यात माळ, ड्रिलबाईच्या गळ्यात माळ, साध्या हातोड्यालाही फूल. आणि हे पातं तेवढं उघडंबोडकं उभं. सणाच्या दिवशी घरातल्या लेकराला उपाशी ठेवल्यासारखं त्याला झालं. त्यातून चार दिवसांनी त्याची परीक्षा. तो स्वतःशीच वकिली करू लागला. मॅडमनी फूल नको म्हटलं, कुंकू नको म्हटलं. भस्माचं नाव कुठं घेतलं? आणि भस्म म्हणजे काही पूजा नव्हे. तापलेल्या कपाळाला त्याची आई भस्मच लावायची. हे पातं तर आगीत उभं राहणार.

‘काहीच न्हाई’ हेही मॅडम म्हणाल्या होत्या, ते त्यानं सोयीस्कर विसरायचं ठरवलं. भस्माची वडी त्याच्या खिशात असायचीच. ती पाण्यात उगाळली, तीन बोटं बुडवली आणि काळ्या पात्यावर डावीकडून उजवीकडं तीन पट्टे ओढले. बोटं भोकांच्या ओळींवरून आडवी गेली. पट्टे असे काही खुलून दिसले, की त्याचे डोळे भरून आले. हात जोडून तो अहमदपूरच्या गाडीला लागला.

दसरा झाल्यावर तो परतला आणि दार उघडताच आधी ते पांढरे पट्टे दिसले. सण ओसरला की माणसाची अक्कल परत येते. मॅडम तासाभरात येणार होत्या. त्यानं ओलं फडकं घेतलं आणि पातं घासून घासून पुसलं. काळा रंग पहिल्यासारखा दिसेपर्यंत पुसलं.

धम्मप्रिया आली, पात्याभोवती फिरली आणि म्हणाली, की मामा, भलतंच स्वच्छ दिसतंय. धूळ बसली होती, गुरुलिंग म्हणाला. तिनं आभार मानले. ते आभार त्याला चटका लागल्यासारखे लागले, पण पुसलं ते पुसलं, आता कशाला काढायचं, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

परीक्षक आले. डॉ. चन्नबसप्पा, मूळचे बिदरकडचे, नोकरी बंगळूरला. उंच, टापटीप, कपाळ कोरं, आणि मराठी बोलताना मधेच कानडी हेल. भुजंग सर इस्त्रीच्या शर्टात घामाघूम. विभागातले सगळे भिंतीला लागून उभे. गुरुलिंग दाराशी, पाण्याचे ग्लास घेऊन. आनंदराज मास्तरांनी बिलोलीहून निरोप धाडला होता, की झालं की लगेच कळवा, इथं सगळे थांबलेत.

धम्मप्रियानं पंखा सुरू केला. तारा तापल्या. पात्याच्या पोटात हवा सोडली. सकाळपासून हवेच्या दाबाचा काटा थोडा वर दाखवत होता. तिनं काट्यावर टिचकी मारली होती आणि काट्याचाच दोष म्हणून सोडून दिलं होतं. मग तिनं कॅमेरा सुरू केला आणि पडद्यावर पातं उमटलं.

निळं होतं. पण नुसतं निळं नव्हतं. निळ्या पात्यावर आडवे तीन तांबडे पट्टे होते. एकाखाली एक, सारख्या अंतरावर, डावीकडून उजवीकडं ओढलेले.

धम्मप्रियानं हवा वाढवली. पट्टे तसेच. कॅमेरा हलवून बघितला. पट्टे पात्याबरोबर हलले. तिचा चेहरा उतरला. चन्नबसप्पांनी शांतपणे विचारलं, की तुमच्या प्रबंधात थर सगळीकडं सारखा धरतो असं लिहिलंय, मग हे काय? तिनं खरं तेच सांगितलं, की मला माहीत नाही. भुजंग सर पुटपुटले, की भोकं पाडतानाच कोन चुकला असेल. धम्मप्रियानं त्यांच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. ज्या हाताचं गुरुलिंगला एवढं कौतुक, त्या हातावरच दोष येऊन बसला आणि ती स्वतःच तो घ्यायला निघाली होती. ‘‘असू शकतं,’’ ती म्हणाली, ‘‘हात हलला असंल माझा.’’

गुरुलिंगला पहिल्या नजरेतच कळलं होतं. ते पट्टे तो रोज सकाळी आरशात बघत होता. पुसलेलं भस्म वरून गेलं होतं, पण ओल्या फडक्यानं भोकांत आणखीच दाबलं गेलं होतं. जिथून त्याची बोटं गेली तिथल्या भोकांचा श्वास कोंडला होता, आणि ज्या भोकातून हवा नाही त्याच्या पुढचं अंग उघडं पडून तापत होतं. कुणी सांगायची गरज नव्हती. मॅडमनीच तर सगळं शिकवलं होतं.

गप्प बसलं तर कुणालाही कळणार नव्हतं. बोललं तर नोकरीचं काय होईल ते होवो, पण मॅडम पुन्हा कधी स्टूल ओढून बसवणार नाहीत, याची त्याला खात्री होती. त्यानं ग्लासांचा ट्रे खाली ठेवला.

‘‘मॅडमचा हात न्हाई हलला साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘म्या धरलं होतं पातं. त्यांचा हात हलत नसतो. ते भस्म हाय. खंडेनवमीला म्या लावलं. मॅडम नको म्हणल्या होत्या, तरी लावलं, आन पुसून गप बसलो.’’

भुजंग सरांचं तोंड उघडंच राहिलं. मागं कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. धम्मप्रिया वळली नाही. ती पडद्याकडंच बघत राहिली.

चन्नबसप्पा मात्र गुरुलिंगच्या कपाळाकडं बघत होते. मग पडद्याकडं, मग पुन्हा कपाळाकडं. हसू त्यांच्या मिशीपर्यंत आलं. मघापासून मला माझ्या आजोबांचं कपाळ आठवत होतं, ते म्हणाले, पण परीक्षकानं असलं मोठ्यानं कसं बोलायचं?

त्यांनी कुणाला रागावण्याऐवजी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि धम्मप्रियाला सांगितलं, की भोकं साफ करा आणि मला पुन्हा दाखवा. तिनं सुई घेतली. वरच्या पट्ट्यापासून एकेक भोक मोकळं करत गेली, फुंकणीच्या नळीनं हवा मारत गेली. भोकांतून पांढरी भुकटी उडत होती. एवढ्या सगळ्यांसमोर, एवढं होऊनही, तिचा हात हलत नव्हता. गुरुलिंग दाराशी उभा राहून ते बघत होता आणि लाजेच्या मारे अर्धमेला झाला असताना त्याला कौतुकही वाटत होतं, आणि त्या कौतुकाचीही लाज वाटत होती.

दुसऱ्या खेपेला पातं उभं-आडवं निळंशार उमटलं. कुठं म्हणून तांबडा ठिपका नाही. भिंतीला लागून उभे असलेले सगळे एकदम सैल झाले. चन्नबसप्पा पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, की काम पहिल्या प्रतीचं आहे. पण सही आज करणार नाही.

कारण त्यांनी समजावून सांगितलं. खरी इंजिनं काही धुतलेल्या हवेत उडत नाहीत. धुरळ्यात उडतात, वाळूत उडतात. ती माती आत जाते, जाळात वितळते आणि अशीच भोकांत जाऊन बसते. सगळी भोकं उघडी असताना पातं कसं गार राहतं ते तुम्ही उत्तम दाखवलंत. काही बुजल्यावर काय होतं ते आता मी इथं बघितलं, पण ते तुमच्या प्रबंधात नाही. तो एक भाग लिहा. मग मी स्वतः येऊन सही करतो.

म्हणजे पुढं उन्हाळ्यापर्यंतचं काम. बिलोलीला आनंदराज मास्तर पेढे सांगून बसले होते.

सगळे गेल्यावर धम्मप्रिया वायरी गुंडाळत बसली. गुरुलिंग जवळ जाऊन उभा राहिला. माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनंच सुरुवात केली. आवाज चढवला नाही.

‘‘राखेचं काही न्हाई मामा. राख निघाली. मी न्हाई म्हणलं होतं, त्याचं वाटलं. लोकांना वाटतं आमचं न्हाई म्हणणं म्हंजे नुसतं बोलणं. तुम्हाला तसं वाटत नसंल असं धरून चालले होते.’’

गुरुलिंगनं वायरीचं दुसरं टोक धरलं. त्या रात्री जेवण गेलं नाही त्याला.

पुढचे काही दिवस ती कामापुरतं बोलायची. चहा आणला तर घ्यायची, स्टूल ओढायची नाही. आणि मग एका सकाळी नव्या भागाची मांडणी घेऊन आली. वेगवेगळी भोकं मुद्दाम बुजवून बघायची होती. थोडी, जास्त, वरची, खालची. त्यासाठी राख लागणार होती. गुरुलिंगनं खिशातली भस्माची वडी काढून टेबलावर ठेवली. प्रायश्चित्त म्हणून द्यायला त्याच्याकडं त्याहून मोठं काही नव्हतं.

धम्मप्रियानं ती उचलली नाही. बोटानं हळूच त्याच्याकडं परत सरकवली. ‘‘ही नको,’’ ती म्हणाली, ‘‘ही कपाळाची हाय. चुलीतली आणा, कपड्यातून गाळून.’’

ती वडी खिशात ठेवताना गुरुलिंगला काय वाटलं ते सांगता येणं अवघड आहे. जे आपण मॅडमच्या बाबतीत पाळलं नाही, ते त्यांनी आपल्या बाबतीत न सांगता पाळलं, एवढं त्याला कळलं.

त्या शनिवारी नागुबाईनं चुलीतली राख जुन्या लुगड्याच्या पदरातून वस्त्रगाळ करून डबाभर दिली. तिला सांगितलं होतं, की मॅडमच्या पुस्तकात जाणार आहे. मग त्यात एक खडा राहील तर शपथ. हिवाळाभर आणि उन्हाळाभर गुरुलिंग राख कालवत होता, धम्मप्रिया भोकं बुजवत होती, पडद्यावर तांबडे पट्टे उमटत होते आणि ती त्यांचं मोजमाप घेत होती. कधीतरी, कुठल्या दिवशी ते दोघांनाही आठवत नाही, तिनं पुन्हा स्टूल ओढलं आणि पट्टा कुठून सुरू होतो ते त्याला दाखवलं. तो बसला. चहा दोघांचाही गार झाला.

चन्नबसप्पा शब्दाला जागले. स्वतः आले, नवा भाग वाचून आले होते, सही केली. आनंदराज मास्तरांनी बिलोलीत एवढे पेढे वाटले, की एक पुडा थेट अहमदपूरला नागुबाईच्या हाती पोचला.

पुन्हा खंडेनवमी आली. डॉक्टर धम्मप्रिया बिलोलीला निघाली होती. जाताना ती कपाटाजवळ गेली, वरचं कोरं पातं, बुडबुडा राहिलेलं, काढलं, धूळ पुसली आणि बोगद्याशेजारच्या टेबलावर ठेवलं.

‘‘मामा, याला भोकं न्हाईत,’’ ती म्हणाली. ‘‘हे तुमचं.’’

एवढंच म्हणून ती गेली. गाडीची वेळ झाली होती.

गुरुलिंग त्या पात्याकडं बघत उभा राहिला. खिशातली वडी हाताला लागत होती. शेजारी बोगद्यात भोकांचं पातं आपल्या जागी काळंभोर उभं होतं. गेल्या वर्षी गुरुलिंगनंच सगळ्यांसमोर त्याची अब्रू घालवली होती आणि तेच पातं आता एका प्रबंधात जाऊन बसलं होतं. मॅडमनी परवानगी दिली होती. याच टेबलावर दिली होती. पण त्यांनी ‘इथं न्हाई’ असंही एकदा म्हटलं होतं, आणि ते काही त्यांनी मागं घेतलं नव्हतं.

त्यानं कोरं पातं लेकरू घ्यावं तसं दोन्ही हातांनी उचललं, प्रयोगशाळेतून बाहेर आणलं, दाराला कुलूप लावलं आणि मग वर्कशॉपात आजोबा लेथाशेजारी नेऊन ठेवलं. तिथं वडी उगाळली आणि तीन बोटं बुडवली.